लाल पुस्तक, निळं पुस्तक आणि माझी भुवई

ता. ९ जानेवारी

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

चौथ्या फेरीत डॉक्टरबाईंनी माझ्या उजव्या भुवईवर अंगठा दाबला, पंचांकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि लढत थांबवली. त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. हे मी रागाने लिहितोय की आणखी कशाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तूर्त रागाने असं धरून चाल.

आईकडून तुझ्यापर्यंत बातमी पोचली असेलच, आणि तिच्या सांगण्यात मी अर्धा मेलेलो असणार. तसं काही नाही. भुवईला टाके पडलेत आणि डोळा वांग्यासारखा झालाय, एवढंच. लढत बेकरीवाल्याशी होती, सहा फेऱ्यांची. हा माझ्याच वजनाचा, क्लबच्या मागच्या गल्लीत पाव भाजतो, आणि ठोसेही कणीक मळल्यासारखे मारतो: एकाच जागी, न कंटाळता. पण पहिल्या तिन्ही फेऱ्या माझ्या होत्या, हे त्याची बहीणसुद्धा कबूल करते. चौथीत आमची डोकी एकमेकांवर आपटली. कशी आपटली देव जाणे. रक्त डोळ्यात गेलं, डॉक्टरबाई दोरांखालून वर आल्या. मला स्वच्छ दिसतंय, असं मी ओरडून सांगितलं. किती बोटं आहेत, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी तीन म्हणालो. त्यांनी एकही बोट वर केलं नव्हतं.

खरा तमाशा त्यानंतर झाला. आपले पंच जुने. त्यांच्या खिशात क्लबचं लाल पुस्तक. त्यात म्हटलंय की अपघाताने डोक्याला डोकं लागून चौथी फेरी पुरी व्हायच्या आत लढत थांबली, तर निकालच नाही, लढत झालीच नाही असं समजायचं. आयोजक धावत आले ते महासंघाचं निळं पुस्तक घेऊन. त्यात तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या की पुरे, गुण मोजायचे आणि ज्याचे जास्त तो जिंकला. म्हणजे मी. तेवढ्यात बेकरीवाल्याचा थोरला भाऊ रिंगणात चढला आणि म्हणाला, डोकंबिकं काही नाही, आमच्याच ठोशाने फुटलंय. ठोशाने फुटलं असेल तर दोन्ही पुस्तकांप्रमाणे फुटलेला हरला. म्हणजेही मीच. भुवई एक आणि निकाल तीन. शेवटी समिती बसवायची ठरली, आणि विजेत्याचा पट्टा आयोजकांच्या कपाटात कुलपात गेला.

आता माझी अडचण बघ. बाबांशी माझा करार झालेला तुला ठाऊक आहे. वर्गात सरांनी, पटत नसेल त्याने बाहेर जावं, असं म्हटलं आणि मी गेलो. जाताना दार जरा जोरात लागलं आणि काच फुटली. घरी येऊन बाबांशी वाजलं, तिथलंही दार जरा जोरात लागलं आणि मी इकडे क्लबच्या गावी खोली घेऊन राहिलो. त्यानंतर आईने मध्ये पडून जे ठरवलं ते असं: ही लढत जिंकलो तर बाबा पुन्हा कॉलेजचं नाव काढणार नाहीत, हरलो तर पुढच्या सत्रात मी मुकाट्याने वर्गात जाऊन बसायचं. निकालच नाही झाला तर काय, हे आमच्या तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

तू आयुष्यभर पंच होतास. खरं पुस्तक कुठलं, ते उलट टपाली कळव. त्या डॉक्टरबाईंना लढत थांबवायचा अधिकार कुठल्या पुस्तकाने दिला, तेही कळव. हात मात्र हलका आहे त्यांचा.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. या खेपेस लोभ राहू दे, नियम पाठव.

तुझा,
बंब


ता. १५ जानेवारी

चि. बंबास, अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी मामी ते वाचून इतकी हसली की चहा उतू गेला, त्याचा दोष तुझ्या खात्यावर टाकला आहे.

खरं पुस्तक कुठलं, असं विचारतोस. अरे, दोन्ही खरी आहेत, तोच तर घोळ आहे. मी पंच असताना एका गावात लाल चाले, पुढच्या गावात निळं, आणि वाटेत बस बंद पडली तर कुठलं, हे कुणालाच ठाऊक नसे. एकदा मी एकाचा हात वर केला आणि त्याच वेळी भोंग्यावरून दुसऱ्याचं नाव पुकारलं गेलं. दोघांनीही करंडकासोबत फोटो काढून घेतले. दोघांच्याही घरी आजतागायत तो फोटो भिंतीवर आहे आणि दोघंही सुखी आहेत. एका भुवईवरून लोक इतके का भांडतात, असं तुला वाटेल. पण अर्ध्यावर थांबलेल्या गोष्टीचं करायचं काय, हा प्रश्न भल्याभल्यांना सुटलेला नाही. कुणी म्हणतो, झालं तेवढं मोजा. कुणी म्हणतो, झालंच नाही असं समजा. माझ्या मते जाहिरातीवर जे छापलंय ते लागू व्हावं, म्हणजे निळं. पण माझं मत कुणी विचारलेलं नाही.

एक मात्र ध्यानात ठेव. दोन्ही पुस्तकांत एक कलम शब्दन् शब्द सारखं आहे, शेवटच्या पानावर, बारीक टायपात. मुष्टियोद्ध्याने आपल्याच करणीने स्वतःला जखम करून घेतली, तर ती समोरच्याच्या ठोशाने झाली असं धरायचं. म्हणजे तो हरला. तेव्हा समितीपुढे जाशील तेव्हा तोंडाला बूच लावून बस. अपघात, एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं.

आता पंच म्हणून नाही, मामा म्हणून विचारतो. तू डावा पाय पुढे ठेवून लढतोस, हनुवटी छातीशी, नजर समोर, मीच शिकवलंय. तुझी उजवी भुवई पुढे यायची तर मान डावीकडे वळलेली असली पाहिजे. त्या वेळी डावीकडे असं काय होतं?

डॉक्टरांना अधिकार दोन्ही पुस्तकांनी दिलेला आहे. हात हलका असावा, असं मात्र कुठल्याच पुस्तकात नाही, त्यामुळे ती नोंद तू का केलीस यावर तुझी मामी विचार करते आहे.

भुवईवर आणि जिभेवर, दोन्हींवर पट्टी असू दे.

तुझा,
मामा


ता. २४ जानेवारी

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

डावीकडे घंटेचं टेबल होतं, पाण्याची बादली होती, वस्तादांचा टॉवेल होता आणि दोनचार माणसं होती. माणसं कोण ते मी मोजत बसलो नाही. मामीला सांग, विचार थांबव.

दवाखान्यात मी गेलो तो भांडायलाच. लढत थांबवल्याचा जाब विचारायचा म्हणून वाक्यं पाठ करून गेलो होतो. त्यांनी मला रांगेत बसवलं, एका रडक्या पोराच्या आणि खोकणाऱ्या आजोबांच्या मधे. माझी पाळी येईपर्यंत पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं आणि पाठ केलेलं निम्मं मी विसरलो होतो. उरलेलं बोलायला लागलो तर त्या म्हणाल्या की बोलताना भुवई उडते आणि टाके उसवतात, आता पुन्हा घालावे लागताहेत, तेव्हा नवे टाके निघेपर्यंत बोलू नका. मामा, मला आजवर गप्प बस असं शंभरजणांनी सांगितलं असेल. पण कारणासकट कुणी सांगितलं नव्हतं.

तीन दिवसांनी एकदा या म्हणाल्या होत्या. मी रोज जातो. भुवई ठणकते असं सांगतो. परवा त्यांनी विचारलं की ठणका दवाखान्याच्या दारातच सुरू होतो का. कंपाउंडर पुड्या बांधता बांधता हसला. त्याच्याशी माझं एकदा बोलणं व्हायचंय.

काल मी ठरवलं की आता सांगून टाकायचं. आडपडदा न ठेवता म्हणालो की चौथ्या फेरीत तुम्ही अंगठा दाबलात त्या क्षणापासून मी, आणि एवढ्यात त्यांनी चिकटपट्टी ओढली. पुढचं वाक्य मी बोललो नाही, बोंबललो. बाहेरच्या रांगेतून दोन माणसं उठून घरी गेली. त्यांनी नवी पट्टी लावली, पुढचा रुग्ण बोलावला, आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं ते राहिलंच. आता हे कुठल्या पुस्तकाप्रमाणे मोजायचं ते तू सांग. झालं तेवढं धरायचं की बोललोच नाही असं समजायचं?

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे आणि डॉक्टरबाईंना साक्षीला बोलावलंय. जखम ठोशाने झाली की डोक्याने, हे त्या सांगणार. मी सुचवून पाहिलं की डोक्याने, असं स्वच्छ सांगा म्हणजे माझं काम होईल. त्यावर त्या म्हणाल्या, जे पाहिलं तेच सांगेन. मामा, त्यांनी काय पाहिलं असेल, या विचाराने मला दोरीवरच्या उड्यासुद्धा सुचेनात. वस्ताद म्हणतात, असाच राहिलास तर पुढच्या वेळी पोतंसुद्धा तुला हरवेल.

इकडे लोभ पुष्कळ साठलाय, ठेवायला जागा नाही. तुझा तूर्त तुझ्याकडेच असू दे.

तुझा,
बंब


ता. २७ जानेवारी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या खोलीवर येऊन गेलो तेव्हा आपलं काही बोलणं झालं नाही. तू भिंतीकडे बघत होतास आणि मी तुझ्या भुवईकडे. त्यामुळे लिहितो.

टाके मी नीट पाहिले. माझं सारं आयुष्य सुईदोऱ्यात गेलं, तेव्हा एवढं कळतं. दोन टाक्यांतलं अंतर कुठे कमी नाही की जास्त नाही. दोरा आवळलेला नाही, ढिलाही नाही. गाठ बाजूला घेतली आहे, म्हणजे डोळ्याला टोचू नये. आपल्या दुकानात इतका हात बसलेला कारागीर मला अजून मिळाला नाही. ज्या कुणी हे काम केलं त्या व्यक्तीला तू रोज जाऊन त्रास देतोस, असं तुझ्या वस्तादांनी सांगितलं. मला ते आवडलं नाही.

तुझ्या मामाने दोन्ही पुस्तकं पाठवली आहेत. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा कटिंगच्या टेबलावर ठेवून वाचतो. लाल पुस्तकाचं म्हणणं मला पटतं. अर्धा शिवलेला कोट हा कोट नव्हे, गिऱ्हाईकाला तो घालून जा म्हणता येत नाही. तुझी आई म्हणते की मग अर्धं झालेलं कॉलेज हेही कॉलेज नव्हे. मी तिला म्हटलं, तेच तर मी त्याला सांगत होतो. निकाल नाही असं ठरलं, तर आपला करार खुंटीवर टांगलेला राहील; पुन्हा लढ आणि मग बघू. आई मात्र पुन्हा लढ या शब्दांना राजी नाही. तिचं स्वतःचं तिसरं पुस्तक आहे आणि ते छापलेलं नाही.

बैठकीला मी येणार आहे. बोलणार नाही. तूही फार बोलू नकोस. तिथे गप्प बसलास तर जिंकशील, असं मामा म्हणतो. मला तू जिंकायला नको आहेस, पण हरायचं तर बोलून हरावं असंही वाटत नाही.

घर सोडून जाताना तू दार आपटलंस त्याची कडी निखळलेली तशीच आहे. मी बसवलेली नाही. आलास की तूच बसव.

तुझ्यावर माया आहेच, ती लिहून कळवायची सवय नाही.

बाबा


ता. २ फेब्रुवारी

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

हरलो. कसा हरलो ते वाच आणि मग काय हसायचं ते हस.

बैठक समितीच्या अध्यक्षांच्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत झाली. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, कपाटात नुसत्या काड्या, आणि मधे आम्ही सगळे दाटीवाटीने. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की नेमक्या वेळी कुणीतरी पुढे उभं राहिल्याने त्यांना काही दिसलं नाही. चष्मेवाल्याने असं म्हणावं, यावर कुणी हसलं नाही, इतकी बैठक गंभीर होती.

बेकरीवाला बिस्किटांची पिशवी घेऊन आला होता. भाऊ काही सांगायच्या आत तोच उठून म्हणाला की त्या वेळी त्याचे दोन्ही हात खाली होते, ठोसा नव्हता, डोकंच होतं. त्याच्याही कपाळाला टेंगूळ आलं होतं, हवं तर हात लावून बघा. भावाने त्याच्याकडे असं पाहिलं की पाव करपावा. ठोशाचा प्रश्न तिथेच मिटला. मग पुस्तकांवरून जुंपली. पंचांनी लाल आपटलं, आयोजकांनी निळं. अध्यक्षांनी जाहिरात मागवली, भिंगाखाली धरली आणि तुझ्यासारखंच म्हणाले: महासंघाचे नियम छापलेत, निळं लागू. तीन फेऱ्या पुऱ्या, गुण माझे जास्त. वस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

फक्त रीत म्हणून डॉक्टरबाईंना विचारायचं राहिलं होतं. त्या उठल्या आणि रुग्णाचा कागद वाचावा तशा आवाजात सांगू लागल्या. इस्पितळातली लांबलचक पाळी संपवून त्या थेट लढतीला आल्या होत्या. चौथ्या फेरीत त्यांना जांभई आली. तेव्हा उजव्या भुवईचे हे गृहस्थ त्यांच्याकडे बघत होते. जांभई बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, मान तशीच वळलेली ठेवून ते एक पाऊल पुढे गेले, आणि पुढे बेकरीवाल्यांचं डोकं होतं.

खोलीत सगळे माझ्याकडे वळले. अध्यक्ष भला माणूस. ते म्हणाले, चालायचंच, तरुण माणूस आहे, चुकून नजर गेली, अपघाताने लक्ष विचलित झालं. तसं लिहून घेतो. पेन कागदाला टेकलंसुद्धा. मला फक्त खाली बसून राहायचं होतं, मामा. तुझं पत्र खिशात होतं, बाबांचंही खिशात होतं, आणि दोन्हींत एकच सांगितलेलं होतं.

पण चुकून नजर गेली, हे माझ्याने ऐकवेना. मी उठलो. म्हणालो की चुकून वगैरे काही नाही, अपघात तर मुळीच नाही. मी पहिल्या फेरीपासून त्यांच्याकडे बघत होतो, जाणूनबुजून, स्वतःच्या मर्जीने, आणि लढत थांबवली नसती तर पाचवीत आणि सहावीतही बघणार होतो. मी इतका जीव तोडून लढत असताना त्यांनी जांभई दिली, याचा मला राग आला आणि अजून आहे. पण माझ्या बघण्याला अपघात म्हणायचं नाही. तसं लिहायचं असेल तर पट्टा कपाटातच राहू द्या.

वस्तादांनी टॉवेल स्वतःच्याच तोंडावर ओढून घेतला. अध्यक्षांनी पेन उचललं आणि मला विचारलं की याचा अर्थ काय होतो ते कळतंय का. मी म्हणालो, लिहा. त्यांनी निळ्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. पंचांनी न सांगता लाल पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि भांडण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा दोघांच्या माना एकाच दिशेने हलल्या. आपल्याच करणीने. बेकरीवाल्याचा हात वर केला तेव्हा तो बिचारा रडवेला झाला होता. बिस्किटं त्याने मलाच दिली.

डॉक्टरबाई बॅग उचलून निघाल्या आणि दारापाशी थांबल्या. बाबांच्या देखत त्यांनी माझी हनुवटी धरून भुवई उजेडाकडे वळवली आणि उद्या टाके काढू म्हणाल्या. मग म्हणाल्या की जांभई रात्रपाळीची होती, माझ्या लढण्याची नव्हती. तिसरी फेरी तर चांगलीच होती. मी लगेच अर्धं वाक्य पुरं करायला गेलो. त्यांनी मान हलवली, लढत थांबवताना हलवली होती अगदी तशीच, आणि म्हणाल्या की जखमी माणसाचं बोलणं त्या धरत नाहीत. बोलायचं असेल तर काहीही फुटलेलं नसताना ये.

बसमध्ये बाबांनी माझी भुवई पुन्हा एकदा निरखली. मग म्हणाले की डॉक्टरबाईंनी गाठ बाजूला घेतली होती, ते त्यांना पहिल्याच दिवशी आवडलं होतं.

सोमवारपासून कॉलेज. लोभ वाढवायचा असेल तर हीच वेळ आहे.

तुझा हरलेला,
बंब


ता. ८ फेब्रुवारी

चि. बंबास, अ. उ. आ.

पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं. मामी म्हणाली, मला पहिल्या पत्रातच कळलं होतं, आणि आता ती महिनाभर हेच म्हणणार.

इतक्या वर्षांत मी जिंकण्यासाठी खोटं बोलणारे पाहिले, हरल्यावर रडणारे पाहिले, निकाल कळायच्या आत नाचणारेही पाहिले. पण हातात आलेली लढत भर बैठकीत भांडून घालवणारा तू पहिलाच. तुझ्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो आणि जिंकलो असतो. मग मामीने मला विचारलं की पट्टा घरी आणून मी काय करणार होतो.

तुझा करार मी बारकाईने तपासला आहे. त्यात वर्गात जाऊन बसायचं, एवढंच आहे. संध्याकाळी काय करायचं याबद्दल एक अक्षर नाही. हे तुझ्या बाबांना मी आजच कळवलं. तुझ्या आईच्या न छापलेल्या पुस्तकाबद्दल मात्र मी काही करू शकत नाही. तिच्यापुढे मी लहानपणापासून हरत आलो आहे, आणि तिच्याकडे चौथी फेरी कधी येतच नाही.

रविवारी डॉक्टरबाईंच्या गावी जाणार असशील तर मान समोर ठेव.

आमचा जीव तुझ्या त्या बावळट भुवईत अडकलेला आहे, हे लक्षात असू दे.

तुझा,
मामा


ता. २२ फेब्रुवारी, रविवार

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने काम केलं. संध्याकाळी तालमीला जायला परवानगी मिळाली, पण नुसत्या पोत्याशी. पोत्याला डोकं नसतं, ही आईची अट.

कॉलेजात सरांनी मला बघितलं, नव्या काचेकडे बघितलं, आणि दारापासून सगळ्यात लांबचा बाक दिला. मी बसलो. पहिल्या तासाला दोनदा उठावंसं वाटलं. हिशेबाचे तेच प्रश्न, तीच उत्तरं. पण मधल्या पायऱ्या का गाळायच्या, असं मी विचारलं तेव्हा सर चिडले नाहीत, फळ्यावर मांडून दाखवू लागले. मला पटलेलं नाही, पण बाहेर गेलो नाही.

कडी बसवली. बाबा शेजारी उभे राहून स्क्रू हातात देत होते. दोघं मिळून चार शब्द बोललो असू, तेही स्क्रूबद्दल.

काल पोत्यावर जोर जास्त झाला आणि बोटाचं साल निघालं. काहीही फुटलेलं नसताना, अशी अट आहे आणि आज रविवार. आरशासमोर उभा राहून नखशिखांत तपासणी केली. आई म्हणाली, सालाला फुटणं म्हणत नाहीत. बाबा म्हणाले, तो निर्णय डॉक्टरांचा. आज सकाळी उठलो तर खुंटीवर नवा शर्ट होता. बाबांनी रात्रीत शिवला असावा. काजं इतकी बारीक घातलीत की मी विचारलं, एवढं कोण बघणार. ते म्हणाले, ज्याला टाके कळतात त्याला दिसेल.

अर्धं वाक्य मी पुरं पाठ केलंय. त्या हो म्हणतील की नाही, मला ठाऊक नाही, आणि या खेपेस कुठलंही पुस्तक सोबत नेत नाहीये. नाही म्हणाल्या तरी ते वाक्य पुरं झाल्यावर म्हणतील. मग तो निकाल कुणालाही मोजता येईल, मलासुद्धा.

बसची वेळ झाली. आई स्वयंपाकघरातून सांगतेय, दार आपटू नकोस.

लोभ आहे तेवढा पुरेल, जास्त लागला तर परत आल्यावर मागेन.

तुझा,
बंब

ता. क. हे दाराच्या बाहेर उभा राहून, कागद दारावरच टेकवून लिहितोय. दार लावून झालं. आत कुणाला कळलंसुद्धा नाही.